दौलतराजांचे दोन फोन

“मला कोणता फोन लागतो? बोला!” टेंभूरगडचे दौलतराजे भर दरबारात गरजले.

पण बोलणार कोण? राजांपुढे दोन फोन ठेवलेले. बटणांचा साधा फोन आईसाहेबांनी दिलेला आणि मोठ्या काचेचा स्मार्टफोन राणीसाहेबांनी. आईसाहेब माहेरी गेल्या होत्या, पण जाताना “एकच ठेव!” असं बजावून गेल्या होत्या. राणीसाहेब तर शेजारीच बसलेल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

विचारात पडलेले राजे बटणांच्या फोनच्या काचेवरच बोट सरकवू लागले. काही केल्या चित्र हलेना! फुलं घेऊन आलेल्या म्हाळू माळ्याला ते पाहून फिसकन हसू आलं. झालं!

“हसतोस? मग तूच सांग! उत्तर दोनच शब्दांत. कुठल्याही फोनचं नाव घ्यायचं नाही आणि कोणी रुसायचंही नाही. नाही जमलं तर उद्यापासून बाग दुसऱ्या माळ्याची!”

म्हाळूने परडी खाली ठेवून हात जोडले. ती बाग त्याच्या बापाने लावलेली होती. तेवढ्यात त्याच्यासोबत आलेली त्याची लेक ठकू पुढे झाली.

“सरकार, म्या सांगू?”

“सांग!”

“लागतो त्यो!”

“हे काय उत्तर झालं?” राजे खेकसले.

“आईसाहेबांस्नी फोन लावून बघा की!”

राजांनी ऐटीत स्मार्टफोन उचलला. काच काळीठिक्कर! सकाळपासून कोंबड्यांच्या झुंजी बघून राजांनीच त्याचं चार्जिंग संपवलं होतं. मग त्यांनी बटणं दाबली आणि साधा फोन लगेच लागला.

“बघा, सरकार! लागतो, त्योच लागतो!”

“म्हणजे माझा फोन नकोच ना?” राणीसाहेबांनी नाक मुरडलं.

“वाईच दम धरा, राणीसाहेब!”

तोवर फोनमधून आईसाहेब ओरडल्या, “कोण, दौलत? आवाज का रे असा? वाळलास की काय! तोंड दाखव बघू. इथं भाच्याकडे काचेचा फोन आहे, त्यात दिसतं म्हणे!”

राजांनी गडबडीत बटणांचाच फोन तोंडासमोर धरला. राणीसाहेबांना खुदकन हसू आलं. त्यांनी स्मार्टफोन चार्जिंगला लावला, जरा थांबून भाच्याला फोन केला आणि काचेत आईसाहेब दिसू लागल्या.

“आहेस की चांगला गुटगुटीत! राहू देत रे बाबा दोन्ही फोन!”

“बोलायला त्यो लागला, तोंड दावायला ह्यो लागला,” ठकू म्हणाली. “रुसलं का कुनी, सरकार?”

राजे इतके हसले की पगडी कानावर आली.

“म्हाळू, बाग कायमची तुझी! आणि ठकू, आता तू माग. तुला कोणता फोन लागतो?”

“फोनचं मागनं बघू, सरकार. आधी मला लई भूक लागलीया!”

दौलतराजे पोट धरधरून हसले. त्या दुपारी ठकूचं पान राजांच्या पंगतीत मांडलं गेलं आणि तिला बासुंदी खुद्द राणीसाहेबांनी वाढली.