सत्तावीस हातांची दोरी

"...मग यात नियम कुठं मोडला, बाबा?"

बांधकाम खात्याचे उपअभियंता उमाळे तिसऱ्यांदा विचारत होते. समोर टेकडीवरच्या तकियातले म्हातारे फकीर दगडूशाह. उमाळ्यांच्या मांडीवर ओढ्यावरच्या पुलाची फाईल होती. आज सही करायचीच होती, आणि तीन दिवस हात धजत नव्हता.

"पुन्हा सांगा," बाबा म्हणाले.

"पूल सत्तावीस लाखांचा. दहा लाखांवरच्या कामाला खुली निविदा लागते. जाहिरात द्या, सीलबंद दर मागवा, सगळ्यांसमोर उघडा... कोण करत बसणार? मी कामाचेच तीन तुकडे पाडले. अलीकडचा, मधला, पलीकडचा. नऊ, नऊ, नऊ. आता निविदा नको."

"तीन तुकडे तिघांना?"

"हो. एक पंचायत समितीच्या सभापतींचा मेहुणा, एक साडू..." उमाळे जरा अडखळले. "तिसराही सोयराच."

"बरं."

"पण कागद चोख आहे, बाबा! बोट ठेवायला जागा नाही."

साहेबांना आपल्या हुशारीचा भारी अभिमान. तरी मनात भीती होतीच. मागच्या पुरात त्याच ओढ्यानं माणसांसकट जीप नेली होती, आणि ते काही केल्या विसरता येत नव्हतं. म्हणून तर बाबांचा हात डोक्यावर हवा होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

बाबांनी हात काही उचलला नाही.

"पाणी मिळेल का?" शेवटी उमाळ्यांनी विचारलं.

"विहिरीत आहे. काढून घ्या."

कठड्यावर पोहरा होता, शेजारी नायलॉनच्या दोरीचं नवंकोरं वेटोळं. उमाळ्यांनी हात घालायच्या आत बाबांनी सुरी काढली आणि दोरीचे सरळ तीन तुकडे केले.

"अहो बाबा! नवी दोरी!"

"सत्तावीस हात होती. आता नऊ, नऊ, नऊ. ओढून बघा, एक तरी तुकडा कच्चा आहे का?"

उमाळ्यांनी ओढून पाहिले. तिन्ही पक्के होते.

एक तुकडा बांधून पोहरा सोडला, तर तो अधांतरी लोंबला. पाणी कितीतरी खाली. उमाळ्यांचा घसा कोरडा पडला होता. मुकाट्यानं त्यांनी तुकड्याला तुकडा जोडला, दोन गाठी मारल्या. पोहरा बुडाला, भरला.

ते ओढू लागले. पहिली गाठ हातात आली, मागे गेली. दुसरी अजून खाली होती.

"बाबा... गाठ सरकतेय!"

ओढावं तर सुटेल, सोडावं तर पोहरा जाईल. गाठीपर्यंत हात पोहोचत नव्हता. उमाळे घामाघूम होऊन तसेच वाकून उभे राहिले.

बाबा काठी टेकत कठड्याशी आले. खाली डोकावले.

"तुकडे तिघांच्या नावावर, साहेब... गाठ कोणाच्या?"