हिंदुरावाची पकड

"पण वस्ताद, माझ्या पोरीचा हात एवढा कच्चा कसा?"

हिंदुराव विचारत होता. वस्ताद त्याच्या मांडीवरच्या इंदूकडे बघत होते.

इंदू अडीच वर्षांची. उजवा हात कोपरात जरासा वाकवून पोटाशी धरलेला. रडून झालं होतं. आता हुंदके उरले होते.

हे तालमीबाहेरच्या कट्ट्यावर चाललं होतं. तालमीत बायका येत नाहीत, आणि इंदूची आई सगुणा लेकीला सोडून घरी थांबणाऱ्यातली नव्हती. ती लिंबाखाली उभी होती, नवऱ्याकडे पाठ करून. ती पाठ तालमीतल्या आम्हा सगळ्यांना दिसत होती.

"कितव्यांदा?" वस्तादांनी विचारलं.

"तिसऱ्यांदा. चार महिन्यांत."

"पडली का?"

"न्हाई."

"कुठं आपटली?"

"न्हाई वस्ताद. बाजारातनं चालत येत होतो. मधीच वरडली आणि हात लटकला."

बाबालाल वस्तादांचं वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर पोरांना कुस्ती शिकवली आणि त्याच पोरांचे निखळलेले सांधे बसवले. पण पडलेल्या लेकराला ते हात लावत नसत. सूज दिसली तरी सरळ दवाखान्याची वाट दाखवत. मोडलं आणि निखळलं यातला फरक ज्याला ओळखता येत नाही त्याने हाडाला बोट लावू नये, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी इंदूची दंडापासून बोटांपर्यंत हलक्या हाताने तपासणी केली. सूज नव्हती.

"बाळ, ती शेळी बघ. लिंबाचा पाला खातीय."

इंदूने शेळीकडे बघितलं. तेवढ्यात वस्तादांचा एक अंगठा तिच्या कोपरावर गेला, दुसऱ्या हाताने त्यांनी तिचा तळवा आभाळाकडे फिरवला आणि कोपर दुमडलं.

बारीक टक् असा आवाज झाला.

इंदू एकदा किंचाळली. सगुणा वळली आणि दोन पावलं पुढे आली.

"थांब, पोरी," वस्ताद म्हणाले. "अजून बसला असं मी म्हटलं न्हाई."

त्यांनी बंडीच्या खिशातून खडीसाखरेचा खडा काढला आणि इंदूच्या उजव्या बाजूला, तिच्या डोक्यापेक्षा जरा उंच धरला. ही त्यांची जुनी रीत. लेकराने दुखरा हात वर करून खडा घेतला की सांधा बसला. तोवर वस्तादांचा स्वतःच्या हातावरही विश्वास नसे.

इंदूने डावा हात पुढे केला.

वस्तादांनी खडा मागे घेतला.

तिने परत डावाच केला. वस्तादांनी परत मागे घेतला.

...

हिंदुरावाच्या कपाळावर घाम आला होता. फडात समोर कोण आहे हे न बघता शड्डू ठोकणारा गडी, पण त्या वेळी त्याची नजर लेकीच्या हातावरून हलत नव्हती.

मग इंदूचा उजवा हात पोटापासून जरासा सुटला. थांबला. आणि एकदम वर गेला आणि खडा घेऊन तोंडात गेला.

सगुणा मटकन कट्ट्यावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. हिंदुराव हसत होता आणि त्याचेही डोळे भरले होते. मला स्वतःलाही इतकं हायसं वाटलं की मी उगाच शेळीला हाकललं.

"वस्ताद, आता हिला तेल लावून रोज चोळतो," हिंदुराव म्हणाला. "सकाळी बदाम चालू केल्यात. हात घट्ट केल्याबिगर सोडत न्हाई."

पैलवानाला सगळ्या दुखण्यावर खुराक आणि मालीश एवढंच औषध ठाऊक असतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

"डॉक्टर काय म्हणला?"

"पयल्या बारीला त्यांनीच बसवला. म्हणले, लहान पोरांचा सांधा सैल असतो, हाताला धरून ओढू नका."

"मग?"

"मी ओढत न्हाई, वस्ताद. तुमची शपथ. मी नुसता धरतो. ओढते ती."

कट्ट्यावरून सगुणा म्हणाली, "हे असंच म्हणत्यात. पोरगी रस्त्यात फतकल घालून बसती, आणि हे मनगट काय सोडत न्हाईत."

"सोडू कसा? मोटारी असत्यात."

"आपल्या बोळात कुठली मोटार आली?"

हिंदुरावने गमछ्याने कपाळ पुसलं.

त्याच्या पकडीबद्दल सांगायला हवं. हिंदुरावने मनगट धरलं की ते सुटत नसे. पाच तालुक्यांत ही गोष्ट माहीत होती. जत्रेत लोक पैज लावून मनगट पुढे करत आणि खाली मान घालून परत जात. त्याला या पकडीचा भारी गर्व होता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होता.

"ऊठ," वस्ताद म्हणाले. "माझं मनगट धर."

"तुमचं?"

"धर. फडात धरतोस तसं."

हिंदुरावने इंदूला आईकडे दिलं आणि जरा बिचकतच वस्तादांचं मनगट धरलं.

"घट्ट."

त्याने घट्ट धरलं.

"आता ओढू नकोस हं. नुसता धर."

आणि वस्तादांनी पाय सैल सोडले. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, उभ्याउभ्या, रुसलेल्या पोरासारखा धपकन खाली बसायला निघाला.

हिंदुरावची मूठ उघडली. दुसऱ्या हाताने त्याने वस्तादांना बगलेतून वरच्यावर सावरलं.

"का सोडलंस?"

"वस्ताद, खांदा गेला असता तुमचा."

"तू ओढत न्हवतास की."

"न्हाई."

"मग कसा गेला असता?"

...

हिंदुरावने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. पाच तालुक्यांत न हरलेला तो हात त्याला तेव्हा कसा दिसला असेल, देव जाणे.

"म्हंजे तिन्ही बारीला मीच," तो म्हणाला.

वस्तादांनी मान डोलावली.

"कुस्तीत मनगट सोडलं की गडी हरतो, वस्ताद. तुमीच शिकवलंय."

"व्हय. पण घरी कुस्ती कुणासंगं चालू हाय?"

आता मात्र त्याला रडू आवरेना. सहा फुटी माणूस गमछा तोंडाला लावून उभा राहिला. सगुणेचा राग तिथेच ओसरला. इतक्या वेळाने तिने पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट बघितलं.

"मग ठरलं," हिंदुराव म्हणाला. "आजपासनं मी तिला हात लावणार न्हाई. सगुणा सांभाळंल. मी लांबनं बघंन."

"आणि ती 'बाबा' म्हणून आली की पळून जाशील?"

संध्याकाळी हिंदुराव तालमीतून घरी जातो तेव्हा इंदू दारात वाट बघत असते, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या एका गोष्टीसाठी तो शेवटची जोड उरकती घेतो, हेही.

"आत्ता मला कसं उचललंस?" वस्तादांनी विचारलं.

"बगलंत हात घालून."

"तसंच तिला उचलायचं. रस्ता आला की कडेवर घ्यायचं. ह्याला काय तालीम लागत न्हाई. आणि ते चोळणं बंद कर. सांध्याला चोळून काय हुत न्हाई."

"परत निखळला तर?"

"निखळंल कदाचित. पाचाची हुईस्तोवर भ्या असतंय, मग सांधा आपणहून घट्ट हुतो. निखळला तर हितं आण, न्हाईतर डॉक्टर हाय. रातभर रडत बसायचं काम न्हाई."

एवढं साधं होतं ते. सगुणेने सुटकेचा श्वास टाकला, तो मला कट्ट्याच्या या टोकाला ऐकू आला.

"आता बोट पुढं कर," वस्ताद म्हणाले.

"कोणचं?"

"कोणचंबी. नुसतं पुढं कर. धरायचं न्हाई."

हिंदुराव उकिडवा बसला. सगुणेने इंदूला खाली ठेवलं. त्याने पहिलं बोट पुढे केलं आणि बाकीची मूठ मिटून घेतली.

इंदूने त्या बोटाकडे बघितलं. मग बापाच्या तोंडाकडे. गालात खडीसाखर होती, तिची लाळ हनुवटीवर आली होती.

तिने उजवा हात पुढे केला आणि ते बोट धरलं. अख्ख्या मुठीत धरलं.

मी हाकललेली शेळी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी होती. इंदूला ती हवी होती. तिने बोट ओढलं.

हिंदुराव उकिडवाच राहिला. हलायला भीत होता.

"वस्ताद, ही ओढतीया."

"ओढू दे. तिला नको झालं की ती सोडंल. तिचा हात तिच्यापाशी हाय."

इंदूने परत ओढलं, या वेळी जोरात, आणि वर "चल" म्हणाली.

"सोडवून बघ बरं," वस्ताद म्हणाले.

हिंदुरावने बोट हळूच मागे घेतलं. तिची मूठ आवळली. त्याने परत जरासं हलवलं. मूठ आणखी आवळली.

त्याने वर बघितलं. डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं.

"न्हाई सुटत, वस्ताद."

वस्ताद कट्ट्यावर टेकले आणि त्यांनी खिशातला खडीसाखरेचा दुसरा खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"मग जा की तिच्या मागनं."