अडवलेल्या कळा

कोणत्या शतकात ते विचारू नका, कोणत्या मुलखात तेही विचारू नका. पण फार फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात एक राजा होता. राजा शूर होता, दयाळूही होता, पण राजज्योतिष्याला विचारल्याशिवाय तो घोड्यावर मांडसुद्धा टाकत नसे.

राजाला दोन सुना. थोरली पहिल्याच बाळंतपणात गेली आणि बाळही गेलं. ज्योतिषी म्हणाला, "तिचं आयुष्य तेवढंच होतं." राजाने मान डोलावली. दरबारानेही डोलावली. कसं झालं, काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

दोन वर्षांनी धाकट्या सुनेला, कमळजेला, दिवस गेले. वाड्यात तयारीची धांदल उडाली. चंदनाचा पाळणा आला. एकवीस पुजारी जपाला बसले. बारशाच्या मिरवणुकीसाठी हत्तीची झूल शिवायला टाकली.

आणि कमळजा? तिला पलंगावर निजवून ठेवलं. चालायचं नाही, वाकायचं नाही, खिडकी उघडायची नाही, थोरल्या जावेचं नाव काढायचं नाही. जिला बाळंत व्हायचं होतं, ती सोडून सगळ्यांची तयारी झाली! ऐकून राग येतो ना? यायलाच हवा.

कमळजेलाही आला. पाचव्या महिन्यात ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, गावातल्या कोंडाई सुईणीला बोलवा. नाहीतर मी चालत तिच्या घरी जाईन."

राणी घाबरली. पण सुनेच्या डोळ्यांत पाहून तिने कोंडाईला मागच्या दाराने आत घेतलं. राजाला सांगितलं, "अंगाला तेल लावायला बाई ठेवली आहे."

कोंडाईने आल्या आल्या खिडक्या उघडल्या.

"ऊठ, पोरी," ती म्हणाली. "बाळंतपण म्हणजे दुखणं नव्हे, काम आहे. आणि कामाला अंगात बळ लागतं."

त्या दिवसापासून कमळजा रोज बागेत चालू लागली. जात्याशी बसून थोडं दळू लागली. नाचणीची भाकरी, पालेभाजी, दूध पोटभर खाऊ लागली. कोंडाई तिला श्वास शिकवी. कळ आली की दीर्घ श्वास कसा सोडायचा, जोर कधी लावायचा, आणि जोर लावावासा वाटत असतानाही बारीक फुंकर मारत कसं थांबायचं, हे ती रोज करून घेई.

एका सकाळी कमळजा देवापुढे बसली आणि एकदम रडू लागली.

"कोंडाई, मला थोरल्या जाऊबाई दिसतात. मीही तशीच जाईन का?"

कोंडाईने तिला गप्प केलं नाही. "रड. मोठ्याने रड," ती म्हणाली. "भीती पोटात ठेवू नकोस, तिथे आता जागा नाही. रोज इथे बसायचं, जी भीती वाटेल ती देवाला नाव घेऊन सांगायची, मग पोटावर हात ठेवून बाळाशी बोलायचं. तुझा जप तूच करायचास. तो भाड्याने होत नाही."

आठव्या महिन्यात कोंडाईने एक खोली सारवून घेतली, सुती धडुती उकळून उन्हात वाळवली. शिवाय नदीपलीकडच्या वैद्यांना निरोप धाडला आणि दाराशी मेणा व भोई तयार ठेवायला सांगितले.

"मेणा कशाला?" कमळजेने विचारलं.

"बाळ आपल्या वाटेने येईल यावर भरवसा ठेवायचा, पण अडलंच तर दुसरी वाटही झाडून ठेवायची. तुझा जीव माझ्या हट्टापेक्षा मोठा आहे."

नऊ महिने भरले. एका सकाळी सूर्य वर येताना कमळजेला कळा सुरू झाल्या.

राजज्योतिषी पंचांग घेऊन धावत आला. "अनर्थ!" तो ओरडला. "आत्ता जन्मलेलं मूल कुळाला जड जाईल. सूर्यास्तानंतर जन्मलं तर सम्राट होईल! महाराज, बाईंना आडवं निजवा. गुडघे बांधून ठेवा. तोवर प्रसूती होता कामा नये."

आणि राजाने, त्या दयाळू राजाने, मान डोलावली! एक दासी दोरी घेऊन पुढे झाली.

कोंडाई दारात आडवी उभी राहिली. ती रागाने कडाडली.

"गुडघे बांधा म्हणता? या पोरीचे? जनावर वितानासुद्धा आम्ही त्याचं दावं सोडतो, महाराज! पोटातल्या बाळाला तुमचं पंचांग वाचता येतं का?"

"या बाईला हाकला!" ज्योतिषी गरजला. "मुहूर्ताचं हिला काय कळतं?"

तेवढ्यात राणी पुढे आली. तिने दासीच्या हातातली दोरी हिसकावून घेतली.

"महाराज, थोरलीचं आयुष्य संपलं नव्हतं," ती म्हणाली. "याच माणसाने तिला दिवसभर बांधून ठेवलं होतं. ती ओरडत होती, मी दाराबाहेर उभी होते, आणि मी गप्प बसले. आज बसणार नाही."

राणीने कोंडाईला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

कमळजा उकिडवी बसली. राणीने तिला पाठीमागून धरलं. कळेमागून कळ येत होती आणि कमळजा श्वास सोडत होती. बाळाचं डोकं दिसलं, आणि कोंडाईचा चेहरा गंभीर झाला. नाळेचा वेढा मानेभोवती होता.

"थांब, पोरी! जोर लावू नकोस. फुंकर मार!"

सारं अंग फाटत होतं, तरी कमळजा थांबली. महिनोन्‌महिने तिने हेच तर केलं होतं. कोंडाईने बोट घालून वेढा अलगद डोक्यावरून काढला.

"आता लाव जोर!"

भर दुपारी वाड्यात मुलीचं रडणं घुमलं. आई सुखरूप होती.

राजा खोलीशी आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "कोंडाई, काय देऊ तुला?"

"मला काही नको," कोंडाई म्हणाली. तिचा राग अजून निवळला नव्हता. "त्या माणसाने सांगितलं, पण मान तुम्ही डोलावलीत. दोन्ही वेळा. ते तेवढं विसरू नका."

भर वाड्यात राजाने खाली पाहिलं.

ज्योतिष्याला त्याच दिवशी राज्याबाहेर घालवलं. राजाने स्वतः दरबारात उभं राहून आपला दोष सांगितला आणि गावोगाव दवंडी पिटवली: कळा आलेल्या बाईला जो अडवील तो राज्याचा गुन्हेगार. प्रत्येक गावात एक स्वच्छ खोली, एक शिकलेली सुईण आणि एक मेणा तयार राहू लागला. त्यानंतर त्या राज्यात मुहूर्तासाठी एकाही बाईचा जीव गेला नाही.

तात्पर्य : बाळंतपणाची खरी तयारी म्हणजे आईच्या मनाला आणि शरीराला बळ देणं, तिची वाट अडवणारा कोणताही मुहूर्त शुभ नसतो.