नाकावरचं वजन

ट्रॅक्टर बोलत असत त्या काळची गोष्ट. देशावरचा एक छोटा ट्रॅक्टर बर्फाच्या गावात आला. वरच्या गोठ्यात गाय अडकून हंबरत होती. वाट काढायला लोकांनी त्याच्या पुढे बर्फ लोटायचं लोखंडी पातं बसवलं.

बाजूला ट्रॅक्टरला वजनासाठी जोडायची दगडांनी भरलेली पेटी होती. ती म्हणाली, "अरे, मला मागे घे. नाहीतर मागची चाकं हलकी पडतील."

"मला शिकवतेस? नांगरताना नाक उचलतं. वजन पुढेच लागतं."

"तिथे नांगर मागे होता रे! इथे पातं पुढे आहे."

ट्रॅक्टर हसून, तिला तिथेच सोडून निघाला. चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. दिवस मावळताना तो घसरत खाली आला.

"ये, बस मागे."

"बसते," पेटी म्हणाली. "पण वरचं हंबरणं मघाशीच थांबलं."