काय दिवे लावले?

वरखेडच्या नगरपालिका शाळेला टाळं ठोकायचं आणि त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं, असा नगराध्यक्ष दौलतरावांचा बेत होता. गावच्या सभेत ते छाती फुगवून म्हणाले, "मी अख्ख्या गावात रस्तोरस्ती दिवे लावले! या शाळेच्या पोरांनी आजवर काय दिवे लावले, सांगा ना बाई!"

सभा खो खो हसली. मुख्याध्यापिका इंगोलेबाई चष्मा पुसत उठल्या.

"साहेब, तुमचेच लावले की! खांबाखांबावर चढून एकेक दिवा बसवणारी वायरमन रुक्साना आमच्याच शाळेची."

आता हसू दुसऱ्या बाजूला वळलं. दौलतराव तडकले. "पण उद्घाटनाची फीत मी कापली!"

"कापलीत ना," बाई म्हणाल्या. "आमच्या हस्तकलेच्या पेटीतल्या कात्रीनं. तेवढी परत करा, मुलांचा तास अडलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कात्री आली. मंगल कार्यालयाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आणि इंगोलेबाईंनी पाचवीचा अख्खा वर्ग आकाशकंदील करायला बसवला.