बेचाळीस हात पाणी

एका गावात एक बोअर होता, आणि त्यातून घोटभर पाणी काढायचीही कोणाला मुभा नव्हती. तो फक्त मोजायचा बोअर. पोटात पाणी किती उरलंय ते भुईने त्या भोकातून सांगायचं आणि गावाने ऐकायचं, एवढंच त्याचं काम.

ऐकणारी होती केराबाई. हाता-हातावर गाठी मारलेला दोर, त्याच्या टोकाला पालथी बांधलेली पितळी वाटी. वाटी पाण्याला टेकली की खालून 'डुब्ब' असा आवाज यायचा. तोवर किती गाठी आत गेल्या ते केराबाई मोजायची आणि शाळेच्या भिंतीवरच्या पाटीवर आकडा लिहायची. मग पारावर बसून यंदा काय पेरायचं ते सांगायची. गाव तिचं ऐकायचं.

एका वर्षी दसऱ्याला ती मोजणी करून आली, तर लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आलेला. पाटीवर 'बेचाळीस' लिहून ती तशीच गाडीत बसली. पारावर बसायचं राहून गेलं.

गावाने आकडा वाचला. मागच्या वर्षी तीस होता. शिकल्यासवरलेल्यांनीही वाचला, पण नुसतं वाचून होतं काय? केराबाईचा धाकटा दीर तुळशीराम आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. तीसचे बेचाळीस झाले, म्हणजे बारा हात पाणी वाढलं! इतकी वर्षं वहिनी ज्वारी-हरभऱ्यावर भागवायला लावत होती, आता ऊस लावायचा. त्याने घरोघर पेढे वाटले. गाव त्याच्या मागे गेलं. उसाच्या बेण्याच्या गाड्या शिवेवर येऊन थांबल्या. लागवड दुसऱ्या दिवशी सकाळी.

गाड्या आल्या त्याच दुपारी केराबाई परतली. ती गाडीतून उतरते न उतरते तोच तुळशीरामाने तिच्या तोंडात पेढा घातला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. तिच्याच ताटात जेवून वाढलेला. तो गावाला छाती काढून सांगत होता, की हा आकडा माझ्या वहिनीचा.

केराबाईला सगळं उमगलं. गप्प राहिली तर दिराची शान राहणार होती आणि चैत्रात गावाच्या घशाला कोरड पडणार होती. तिने पेढा गिळला.

"भाऊजी, पाणी बारा हात वाढलेलं नाही. बारा हात खाली गेलंय."

लोक हसले. तुळशीरामही हसला. "लेकीकडचं तूप डोळ्यांवर आलं वाटतं, वहिनी. बेचाळीस मोठे की तीस?"

"शाळेत मी कधी बसले नाही, आकडे तेवढे गिरवले. पण वाटी कुठे टेकते ते मला कळतं. चला, तुम्हीच सोडा."

सगळं गाव बोअरवर गेलं. तुळशीराम मोठ्याने गाठी मोजू लागला. तिसाव्या गाठीशी थांबून त्याने भोकाला कान लावला. आवाज नाही. पस्तीस. चाळीस. त्याचा आवाज बारीक होत गेला. बेचाळिसाव्या गाठीला कुठून तरी लांबून 'डुब्ब' आलं. हातातला दोर जेवढा जास्त आत गेला, तेवढं पाणी आपल्यापासून लांब, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

कोणीतरी म्हणालं, की पाणी आटल्याचे पेढे वाटणारा आमचाच तुळशीराम.

"त्याला हसू नका," केराबाई म्हणाली. "पाटीवर नुसता आकडा मी लिहिला. मला कळतं ते सगळ्यांना कळतंच, हा माझा ताठा. चूक माझी."

तुळशीरामाने दोर गुंडाळला.

"बेणं तोडून गुरांना घाला," तो म्हणाला. "ज्वारी पेरू." मग वहिनीकडे बघून म्हणाला, "पण माझा पेढा परत द्या."

"तो गेला," केराबाई म्हणाली, "बेचाळीस हात खाली."

त्या वैशाखात दोर अठ्ठावन्न गाठींपर्यंत उतरला. गावच्या हापशाचं पाणी करंगळीएवढं झालं, पण तुटलं नाही. बाया रांगेत उभ्या राहिल्या, दीर-भावजयीला चार बरे शब्द बोलल्या आणि हंडे भरून घरी गेल्या.

तात्पर्य एवढंच: आकडा मोठा दिसला म्हणून हरखू नये, तो काय मोजतो ते आधी विचारावं, आणि ज्याला ते कळतं त्याने, समोर आपलं लाडकं माणूस असलं तरी, फोड करून सांगावं.