ठकूमायची सभा

ऐका तर मग. फार वर्षांपूर्वी, मतपेट्या बैलगाडीत बसून गावाला यायच्या, त्या काळातली ही हकिगत. बालाघाटाच्या डोंगराखाली कोळमाथा नावाचं गाव आहे आणि गावापुढून घुंगरी नावाचा ओढा वाहतो. उन्हाळ्यात शेळी उडी मारून जाईल एवढं त्याचं पाणी, आणि पावसाळ्यात हत्ती वाहून जाईल एवढं. गाव अल्याड, दवाखाना पल्याड.

त्या गावात ठकूबाई नावाची सुईण होती. सगळे तिला ठकूमाय म्हणायचे. अंगानं काटकुळी, आणि आवाज इतका बारीक की चुलीपुढं बोलली तर उंबऱ्यापर्यंत पोचायचा नाही. पण हात असा गुणाचा की तो पोटावर ठेवला म्हणजे आडवं झालेलं लेकरू आपणहून वळून वाटेला लागायचं, असं म्हणतात. कोळमाथ्यातला पाटील असो की पाखरं राखणारा गडी, जगात आल्यावर त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते ठकूमायचंच तोंड.

त्याच गावात हैबती नावाचा गडी होता. ज्वारी हुरड्यात आली की तो माळ्यावर उभा राहून पाखरं राखायचा. त्याला गोफण लागत नसे. त्यानं नुसती आरोळी दिली की शिवारातल्या चिमण्या उठायच्या आणि शेजारच्या गावात जाऊन उतरायच्या. मग शेजारचं गाव भांडायला यायचं. हैबतीच्या बायकोचं नाव सगुणा.

एका श्रावणात सगुणाला कळा सुरू झाल्या. लेकरू अडलं. ठकूमायनं हात लावला आणि ती म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, हिला दवाखान्यात न्या. गाडी जुंपली. पण घुंगरी दोन्ही थड्या भरून चाललेली. बैल पाण्यात पाय घालीनात. पाणी उतरायची वाट बघत सगळे काठावर बसले. गाडीतच लेकरू आलं, मुलगी झाली, आणि सगुणा ठकूमायच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

त्या दिवसापासून हैबती ठकूमायच्या दारावरून जाईनासा झाला. आणि ठकूमाय रोज ओढ्यावर जाऊन उभी राहू लागली. पाण्याकडं बघायची आणि परत यायची.

तेव्हा गावाचा कारभार सर्जेराव पाटलांकडं होता. दर निवडणुकीला ते सांगायचे की औंदा पूल होणार. माणूस गोड होता, पण प्रश्न त्याला सोसत नसे. सभेत कुणी उठून काही विचारलं की पाटील हलगीवाल्याकडं बघायचे आणि हलगी कडाडायची. तरी तो थांबला नाही, तर दोन पैलवान त्याच्या अंगाला अंग लावून बसायचे आणि प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात टाकायचे. त्यानंही भागलं नाही, तर पाटील स्वतः म्हणायचे, अरे, हा तर आपला माणूस, वर घ्या त्याला. मग त्याच्या गळ्यात हार पडायचा, खाली खुर्ची यायची आणि तोंडात जिलेबी. जिलेबीनं भरलेल्या तोंडानं काय विचारणार? कोळमाथ्यात कुणाचा प्रश्न कधी शेवटपर्यंत पोचलाच नाही, असं म्हणतात.

पुढची निवडणूक आली आणि ठकूमाय उभी राहिली.

गाव हसलं. पाटीलही हसले. मग हसू थांबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की गावातल्या सगळ्या बायका काही हसत नाहीयेत. त्यांनी ठकूमायची सभा मोडायला माणसं तयार केली. कुणाला जेवण कबूल केलं, कुणाला धोतरजोडी. हैबतीकडं निरोप गेला तेव्हा तो म्हणाला, मला काही नको, मी फुकट येतो.

सभा मारुतीच्या पारापुढं भरली. बैल सोडलेल्या गाडीवर ठकूमाय चढली, पदर सारखा केला, आणि "बाबांनो, बायांनो" एवढं म्हणेतो मागून हैबतीची आरोळी आली.

"नाळ कापायची सोडून ही फीत कापायला निघाली."

देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले ते डोंगरापलीकडं गेले. सगळी सभा खदखदून हसली. ठकूमायला शरमेनं घाम फुटला. तिला वाटलं, खाली उतरावं आणि घर गाठावं. पण तिनं हैबतीकडं पाहिलं. मान वर, शिरा फुगलेल्या, छाती भात्यासारखी चाललेली. आणि बाईला काय झालं कुणास ठाऊक, तिचा चेहरा उजळला. तिचा भाऊ गाडीखालून म्हणत होता की हलगी मागवू, त्याला गप करू. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"ओरडू द्या त्याला," ती म्हणाली. "ओरडणाऱ्या लेकराची मला कधी भीती वाटली नाही. गप पडलेल्याची वाटते."

पुढच्यांनी ऐकलं ते मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि तिचं बारीक बोलणं अख्ख्या सभेत तोंडातोंडी पोचलं. मग तिनं हात जोडून सांगितलं की ज्याला ओरडायचंय त्यानं आधी ओरडून घ्यावं, मी थांबते. आणि खरंच ती गाडीवर मांडी घालून बसली.

आता आली का पंचाईत. गप करणाऱ्याशी भांडता येतं, ऐकणाऱ्याशी कसं भांडणार? पाटलांची माणसं एकेक करून उठली. कुणी म्हणालं, बाईचं हे काम नव्हे. ठकूमाय म्हणाली, तू पायाळू, आधी पाय बाहेर काढलेस, तुझं सगळंच उलटं, पण बोल, बोल. दुसरा उठला. त्याला ती म्हणाली, तू बाजाराच्या वाटेवर बाभळीखाली जन्मलास आणि असाच चिडलेला होतास, तेव्हाही मी तुला काही केलं नव्हतं. सभेला हसू आवरेना. तिनं कुणालाच खाली बसवलं नाही, प्रत्येकाला शेवटपर्यंत बोलू दिलं, आणि बोलून झाल्यावर पाण्याचा तांब्या त्याच्याकडं पाठवला. धोतरजोडीवाले तर पाणी पिऊन तिथंच पुढं येऊन बसले.

उरला एकटा हैबती. तो पाणी प्यायला नाही. हसणं थांबेपर्यंत तो उभा राहिला, आणि मग त्यानं आरोळी दिली, पण ती पाखरं उडवायची नव्हती.

"माझी सगुणा का मेली ते सांग."

ठकूमाय गाडीवरून उतरली. लोकांनी वाट दिली. ती सरळ हैबतीपुढं जाऊन जमिनीवर बसली आणि तिनं त्यालाही हाताला धरून खाली बसवलं.

"तिची सुटका माझ्या हातनं झाली नाही," ती म्हणाली. "आणि पलीकडं ज्यांच्या हातनं झाली असती, त्यांच्यापर्यंत मला तिला नेता आलं नाही. मधी पाणी होतं. तुला काय सांगावं ते त्या दिवशी मला उमगलं नाही, आजबी उमगत नाही. म्हणून उभी राहिले, बाबा. दुसरं काही कारण नाही."

हैबती बराच वेळ गप बसला. ती म्हणाली, "तू जन्मलास तेव्हा असाच गप होतास. काळानिळा पडलेला. तुझी माय रडत होती, पण तू रडत नव्हतास. मी तुझ्या तोंडात फुंकर घातली, पाठीवर मारलं, गार पाण्यात धरलं, ऊन पाण्यात धरलं. उन्हं अंगणात आली तेव्हा तू टाहो फोडलास. हा आवाज मी लई कष्टानं काढलाय, हैबती. तो माझ्यावर वापर, नाहीतर कुठंही वापर. पण गप बसू नको."

हैबतीनं तांब्या उचलला आणि तो पाणी प्यायला. मग त्यानं पालथ्या हातानं डोळे पुसले. त्या दिवशी ठकूमायनं भाषण असं केलंच नाही. लोक तसेच उठून घरी गेले, पण जाताना प्रत्येक जण आपण भाषण ऐकल्यासारखा बोलत होता.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी पाटलांची सभा ओढ्याच्या माळावर होती. तालुक्याहून भोंगा आणला होता, हलगीचे दोन ताफे होते, जिलेबीची कढई मांडली होती. पाटील बोलायला उभे राहिले, पुलाचा विषय निघाला, आणि हैबती उठला.

"पूल कव्हा?"

हलगी कडाडली. हैबतीचा आवाज तिच्यावरून गेला. दुसरा ताफाही वाजू लागला, तेव्हा हैबतीनं छाती भरून घेतली आणि असा काही पुकारा केला की एका हलगीचं कातडं टरकन फाटलं, असं म्हणतात. पैलवान त्याच्याजवळ आले, पण त्यांतल्या थोरल्याची बायको दिवसांत होती. तो हैबतीच्या खांद्यावर हात टाकून बसला आणि त्यानंही विचारलं, पूल कव्हा? शेवटी पाटलांनी जिलेबी पाठवली. हैबतीनं ती लेकीच्या हातात दिली. आपलं तोंड मोकळंच ठेवलं.

आणि मग नवल झालं. माणसं गप झाली, पण आवाज थांबेना. हैबतीचा पुकारा बालाघाटाच्या कड्यावर जाऊन आदळला होता. तिथून तो परत आला. तिथून पुन्हा गेला. डोंगरच विचारू लागला, पूल कव्हाऽ, पूल कव्हाऽ. भोंग्यातून पाटलांचा शब्द निघेना, डोंगराचाच निघू लागला. पाटील जीपगाडीत बसले आणि निघाले, तर घुंगरीच्या चिखलात चाकं रुतली. ढकलायला गाव लागलं. चिखलात गुडघाभर उभे असलेले पाटील, मागून ढकलणारी माणसं आणि वरून विचारणारा डोंगर. म्हणतात, शेवटी पाटलांनाच हसू फुटलं. ते म्हणाले, ठकूमायनं मलाही उलटं धरून पाठीवर मारलं होतं म्हणे, आज पुन्हा मारलं.

ठकूमाय निवडून आली आणि सरपंच झाली. पूल काही लगेच झाला नाही. तिनं तालुक्याला खेटे घातले. दर खेपेला ती हैबतीला संगती न्यायची. तो काही बोलायचा नाही. साहेबांच्या खोलीत उभा राहून नुसता घसा खाकरायचा, आणि खिडकीची तावदानं थरथरायची. पूल झाला त्या दिवशी त्यावरून पहिल्यांदा कोण जाणार यावर वाद झाला. मंत्री आले होते. ठकूमायनं त्यांना थोडं थांबायला सांगितलं आणि थोरल्या पैलवानाच्या बायकोला, तिचं दुसरं लेकरू पोटात होतं, वाजत गाजत पलीकडं नेलं आणि परत आणलं. मंत्री तिच्या मागून चालत गेले.

ती पुष्कळ जगली. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी गावातली सगळी तान्ही लेकरं घडीभर गप झाली आणि मग एकदम रडू लागली, असं म्हणतात.

आजही कोळमाथ्यात मत मागायला कुणीही येवो, लहान की मोठा, त्याला आधी बोलता येत नाही. तो गाडीवरून उतरतो, मारुतीच्या पारापुढं जमिनीवर मांडी घालून बसतो, आणि ज्याला ओरडायचंय तो ओरडतो. ओरडणाऱ्याला मधे तोडायचं नाही, हसून उडवायचं नाही, आणि हार तर मुळीच घालायचा नाही. त्याचं झालं की उमेदवारानं आपल्या हातानं त्याला पाण्याचा तांब्या द्यायचा. त्याला ठकूमायचं पाणी म्हणतात. कुणीच ओरडलं नाही तर ते अशुभ धरतात, आणि उमेदवारच घाबरून विनवतो, अहो, कुणीतरी काहीतरी म्हणा. मागल्या खेपेला एका नव्या सुनेनं डोक्यावरचा पदर सावरत नळाचं विचारलं. एवढे मोठे पुढारी, पण तिचं संपेपर्यंत खाली बसून होते, आणि सासू कौतुकानं सगळ्यांना सांगत होती की ही आमची.

आणि गावात कुठं लेकरू जन्माला आलं, त्यानं पहिला टाहो फोडला, की बाळंतिणीपाशी बसलेली म्हातारी दाराआडून बाहेरच्यांना मुलगा का मुलगी ते आधी सांगत नाही. ती म्हणते, सभा सुरू झाली.